मॉडिफाय केलेली ३७०झेड रत्नागिरीतून विकताना: ॲप, इन्स्टा आणि कोल्हापूरचा पार्क अँड सेलवाला

आधी मार्क सांगतो, रामायण नंतर. जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या ॲपवाल्यांना पाचपैकी दीड, इन्स्टा आणि व्हॉट्सॲपला एक (तोही करमणूक झाली म्हणून), कोल्हापूरच्या पार्क अँड सेलवाल्याला (गाडी स्वतःच्या शेडमध्ये लावून विकून देणारा) साडेतीन, आणि बाबांच्या वहीला पाचपैकी पाच. नावं कोणाचीच टाकत नाही, भांडण नकोय, आणि तसंही तुमच्या गावात दुसरा कोणीतरी असणार, तो वागणार मात्र असाच.

गाडी निसान ३७०झेड, २०१० ची, सिक्स स्पीड मॅन्युअल. २०१७ ला मुंबईहून सेकंडहँड घेतली तेव्हा १९ हजार चाललेली, दिली तेव्हा ४३ हजार. मी बोटीवर इंजिनिअर आहे, सहा महिने पाण्यात सहा महिने घरी, त्यामुळे "एवढी गाडी घेऊन ठेवायची कुठं आणि चालवायची कधी" हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आईचा होता आणि शेवटच्या दिवशीपण तोच होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ३६९६ सीसीचं व्ही-सिक्स, टर्बो बिर्बो काही नाही, साडेसात हजार आरपीएमपर्यंत ओरडत जाणारं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, बसायला दोनच जागा. खालचा गिअर टाकताना गाडी स्वतःच ॲक्सिलरेटर देऊन आरपीएम जुळवून घेते, मॅन्युअल गाडीत हे पहिल्यांदा हिच्यातच आलं. आंबा घाटात पहाटे साडेपाचला, धुकं नसताना, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकलं की जो आवाज यायचा तो... जाऊदे, विकली ती.

मॉडिफिकेशन काय होती तेही सांगतो कारण सगळा खेळ तिथेच झाला. कॅटबॅक एक्झॉस्ट (सायलेन्सरसकट मागचा सगळा पाईप, जास्त आवाजाचा), ऑईल कूलर, कॉईलओव्हर सस्पेन्शन (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र, उंची कमीजास्त करता येते), हलकी फोर्ज्ड व्हील्स, ब्रेक पॅड. कॉईलओव्हर म्हटलं की लोकांना वाटतं गाडी जमिनीला टेकवली असणार, मी उलट वीस एमएम वर उचलली होती, कारण आमच्या वाडीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे तो गतिरोधक नाही, ते धरण आहे. क्लच बदलला तेव्हा क्लच दाबणारा स्लेव्ह सिलिंडरपण नवीन टाकला, तो या गाडीत बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कव्हरच्या) आत बसतो म्हणजे त्याच्यासाठी परत कधी गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं तर सगळी मजुरी पुन्हा. असली कामं फोटोत दिसत नाहीत. एक्झॉस्ट दिसतो.

आणि काढलेला प्रत्येक ओरिजिनल पार्ट जपून ठेवला. कंपनीचा सायलेन्सर माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून, आईच्या कोकमाच्या बरण्यांच्या शेजारी आठ वर्षं. स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर कॉटखाली. कंपनीची व्हील्स मागच्या पडवीत. आईने दर मे महिन्यात साफसफाईला "हे भंगारवाल्याला देऊ का" विचारलं आणि दर मे महिन्यात मी बोटीवरून फोन करून नाही म्हटलं. हा हट्ट किती कामाचा निघाला ते पुढे.

आता बाबा. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाले. मी नसताना गाडी ते सांभाळायचे. दर रविवारी गाडी सुरू करून पंधरावीस किलोमीटर फिरवून आणायची, तीपण साठच्या वर नाही आणि शक्यतो सहाव्या गिअरमध्ये, इंजिन बिचारं कण्हायचं पण बाबांच्या मते डिझेल वाचवणं हा धर्म आहे, मग गाडी पेट्रोल का असेना. परत आले की वहीत नोंद. तारीख, किलोमीटर, ऑईलचं टेम्परेचर, चारी टायरची हवा, पाऊस होता की नाही, आणि "आरे-वारे रोडने गेलो, आल्यावर गोड्या पाण्याने धुतली". हे धुणं मी शिकवलेलं. समुद्राकाठच्या रस्त्याने गाडी आणली की खालून गोडं पाणी मारायचंच, बोटीवर आम्ही डेकवर हेच करतो. हिचं बॉनेट, दारं, मागचा हॅच ॲल्युमिनियमचे आहेत, बाकी स्टील, आणि ॲल्युमिनियम जिथे स्टीलला टेकतं तिथे खारी हवा सगळ्यात आधी खायला लागते. चार वह्या झाल्या. तेव्हा हसायचो मी.

विकायचं कारण साधं, मुलगी झाली, सीट दोन आहेत.

तर पहिलं ॲप. जाहिरातीत दिसतं तसं, घरी येऊन तपासणी, तासात किंमत, दुसऱ्या दिवशी पैसे. तपासणीला एक मुलगा आला, लांबून आला बिचारा, बाईकवर, हातात टॅब. त्याची चूक काहीच नव्हती हे आधीच सांगतो, पोरगा गुणी होता, आईने दिलेली घावनं खाऊन गेला. पण टॅबमध्ये निसान टाकलं की मायक्रा, सनी, टेरानो, मॅग्नाइट. ३७०झेड नाहीच. शेवटी "इतर" केलं. मग टॅब विचारतो सनरूफ आहे का, मागच्या सीटला आर्मरेस्ट आहे का. मागची सीटच नाही हो! तो ऑप्शन नव्हता म्हणून त्याने "आर्मरेस्ट नाही" केलं आणि तिथे मार्क गेले.

खरी गंमत पुढे. त्याच्याकडे पेंटची जाडी मोजायचं छोटं मशीन होतं, लोहचुंबकवालं. फेंडरला बरोबर रीडिंग आलं, बॉनेटला लावलं तर काहीच नाही. दाराला नाही, हॅचला नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जसं काय मी अर्धी गाडी पुट्टीने बनवलीय. मी सांगितलं बाबा रे ॲल्युमिनियम आहे, लोहचुंबक कसं धरेल, घरातलं पातेलं आणून लावून दाखवलं, त्याला पटलं पण टॅबला कसं पटणार. "चार पॅनेल संशयास्पद" अशी नोंद झाली. त्याच्यापुढे "आफ्टरमार्केट फिटिंग (म्हणजे बाहेरून बसवलेले पार्ट): आहे / नाही". आहे. संपलं. संध्याकाळी जी किंमत आली ती चार वर्षं जुन्या छोट्या एसयूव्हीला पण कोणी देणार नाही इतकी होती. वह्या दाखवू का विचारलं तर म्हणाला सर अपलोड करायला जागा नाहीये. त्यानंतर दहा दिवस रोज एका मॅडमचा फोन, "सर आपण विचार केलात का?". दीड मार्क त्या पोराच्या स्वभावाचा.

मग इन्स्टा. फोटो टाकले भाट्याच्या बीचवर काढलेले, सूर्यास्त वगैरे, तीच चूक झाली. पहिल्या दिवशी दोनशे मेसेज, त्यातले निम्मे "लास्ट प्राईस", उरलेले "भाऊ ॲव्हरेज किती". एकाने थार अधिक पाच लाख देऊ केले. एकजण म्हणाला लग्नाला एक दिवस द्याल का, नवरदेव बसवायचाय. एकाला वाटलं सूर्यास्तासकट मिळेल बहुतेक, विचारतो "लोकेशन पण सांगा फोटोशूट करायचंय". दोघंतिघं खरंच घरी आले, पुण्याहून एक ग्रुप आला गणपतीपुळ्याला जाता जाता, सगळ्यांनी बसून फोटो काढले, गाडी रेव्ह करायला लावली, उकडीचे मोदक कुठे चांगले मिळतात विचारून गेले. त्यानंतर नियम केला, टोकन दिल्याशिवाय टेस्ट ड्राईव्ह नाही. तुम्हीपण करा. टोकन म्हटलं की गर्दी एकदम पांगते.

आणि पुरात गेलेली आहे का हा प्रश्न जवळपास प्रत्येकाचा. आरसीवर पत्ता रत्नागिरी जिल्ह्याचा दिसला की लोकांना २२ जुलै २०२१ चं चिपळूण आठवतं, टीव्हीवर बुडालेल्या गाड्या सगळ्यांनी बघितल्यात. राग येत नाही मला, तेव्हा पाण्यात गेलेल्या बऱ्याच गाड्या धुवून पुसून बाहेर गेल्यात हे इथे सगळ्यांना माहितीय. पण आमचं घर चिपळूणपासून नव्वद किलोमीटर, तेपण टेकाडावर, गाडी चिऱ्याच्या गॅरेजमध्ये. हे प्रत्येकाला सांगून सांगून तोंड दुखलं.

शेवटी एका मित्राने कोल्हापूरचा नंबर दिला. तिथल्या लोकांना गाड्यांचं वेड आहे हे माहीत होतं, पण हा माणूस वेगळा. पार्क अँड सेल म्हणजे गाडी त्याच्या शेडमध्ये ठेवायची, गिऱ्हाईक तो बघणार, विकली तर दोन टक्के, नाही विकली तर नुसतं धुण्यापुसण्याचं बिल. मला वाटलं एक्झॉस्टचा आवाज ऐकून खूश होईल. त्याने गाडी सुरू करायला लावली, अर्धा मिनिट ऐकलं, बंद करायला सांगितली आणि पहिला प्रश्न, "ओरिजिनल सायलेन्सर हाय का?"

हाय म्हटल्यावर चेहरा खुलला त्याचा. म्हणाला, "सायेब, ह्यो आवाज ऐकून जी येत्यात ती गाडी घ्याय येत न्हाईत, फिराय येत्यात. घेणारा मानूस घरात बायकोला काय सांगू ह्येचा इचार करत येतोय." या एका वाक्यावर मी त्याला पाच देणार होतो, दीड का कापला ते खाली.

त्याचं गणित असं, की मॉडिफाय केलेल्या गाडीत तुम्ही घातलेला पैसा गाडीबरोबर परत येत नाही, तो पार्ट काढून वेगळे विकले तरच थोडाफार येतो. गाडी कंपनीने दिली तशी करायची. त्यात कायद्याचीपण भानगड आहे, जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवून स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाणारे बदल चालणार नाहीत, आणि माझ्या गाडीचं तर पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन डिसेंबरमध्येच संपत होतं, म्हणजे आरटीओत गाडी तपासायला न्यायची होतीच. मी म्हणत होतो घेणारा करून घेईल रिन्यू. तो म्हणाला अजिबात नाही, आधी पाच वर्षं वाढवून आणा, मगच माझ्या शेडमध्ये लावतो. साध्या कारला रिन्यूअलची फी ५ हजार, इंपोर्टेडला (माझी तीच) ४० हजार, वर ग्रीन टॅक्स. पोटात गोळा आला पण ऐकलं. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लावलेली होतीच, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती आता लागतेच. दोन जुनी ई-चलान निघाली, भरली. (एक बाबांचं. नो पार्किंग. त्यांनी वहीत लिहिलेलं नव्हतं!)

मग दोन दिवस आमच्या खळ्यात गाडी लाकडी ठोकळ्यांवर. माळ्यावरून सायलेन्सर उतरवला, कॉटखालून स्प्रिंगा काढल्या, पडवीतली व्हील्स बसवली, मागच्या २७५ एमएम रुंद टायरना जागा किती लागते ते विसरलोच होतो. ओळखीचा मेकॅनिक आणि मी. बाबा खुर्ची टाकून बसलेले, म्हणाले, "काय रे, इतकं सगळं काढूनच ठेवायचं होतं तर लावलंस कशाला?" उत्तर नव्हतं. ऑईल कूलर तेवढा ठेवला, तो इंजिनच्या भल्याचा आहे, आणि घेणाऱ्याला आधीच सांगायचं ठरलं. फोर्ज्ड व्हील्स पुण्याच्या एकाने नेली, बऱ्या भावात. कॉईलओव्हर अजून कॉटखालीच आहेत. एक्झॉस्ट कोणी घेतला नाही, तो याच गाडीला बसतो, दुसऱ्या कशाला बसवणार. शेवटी तो गाडीबरोबर फुकट गेला, मागून टेम्पोने.

शेडमध्ये अकरा आठवडे होती गाडी. त्याचं काम मला का आवडलं सांगतो. फोटो काढले तेव्हा सूर्यास्त नाही, काही नाही, दुपारच्या उन्हात प्रत्येक ओरखडा जवळून. पुढच्या बंपरखालचा घासलेला भाग, ड्रायव्हर सीटच्या कडेचं झिजलेलं लेदर, सबफ्रेमच्या दोन बोल्टांवरचा गंज, हे फोटो सगळ्यात आधी पाठवायचा. म्हणायचा वाईट आधी दाखवलं की माणूस चांगलं शोधायला लागतो. सहाही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिन आतून झिजलंय का ते कळतं) त्याने माझ्यासमोर करून घेतली, स्कॅनर लावून कोड बघितले, सगळं कागदावर. आणि वह्या. बाबांच्या वह्या त्याने टेबलावर मांडून ठेवल्या, आमच्याकडे सत्यनारायणाची पोथी ठेवतात तशा. येणाऱ्याला किंमत सांगायच्या आधी वही द्यायचा हातात.

घेणारे बेळगावचे एक डॉक्टर निघाले, पन्नाशीचे, मराठीच. त्यांनी जसं बघितलं तसं तुम्ही पण कुठलीही जुनी गाडी बघा. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून काढला, कारण पुरात गेलेल्या गाडीत बेल्टच्या गुंडाळलेल्या भागात गाळाची रेघ राहते आणि ती कोणी धूत नाही. डिकीचं कार्पेट उचललं. सीटच्या रुळाचे बोल्ट टॉर्च लावून बघितले. हेडलाईट आतून धूसर झालाय का बघितलं. मग बाहेर टपरीवर बसून वही वाचली. चहा दोनदा मागवला. मला वाटलं सर्व्हिसच्या नोंदी बघतायत, तर ते २०२१ चा जुलै शोधत होते. २२ जुलै गुरुवार होता, त्या दिवशी काहीच नाही, पण २५ जुलै, रविवार, बाबांनी लिहिलेलं: "पाऊस फार. गाडी बाहेर काढली नाही. जागेवर सुरू केली १० मि. गॅरेज कोरडं. उंदराने बॉनेटखाली घर केलं, काढलं." डॉक्टर हसले आणि म्हणाले, हे खोटं लिहायला कोणाला सुचणार नाही.

घासाघीस झाली नाही असं नाही, पण पुराचा विषय परत निघाला नाही. किंमत सांगत नाही, त्यांना शब्द दिलाय. ॲपच्या दुपटीहून बरीच वर, एवढं धरा.

कागदांचं थोडक्यात. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० नेहमीचे, पण गाडी कर्नाटकात जाणार म्हणून आपल्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, तिकडचा टॅक्स घेणाऱ्याने भरायचा. डिलिव्हरी नोट कोल्हापूरवाल्याने वेगळी केली, तारीख, वेळ मिनिटासकट, किलोमीटर, दोघांच्या सह्या, आधारची झेरॉक्स. हे टाळू नका, कारण आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच, मधे अपघात झाला तर कोर्ट तुमच्याकडेच बघतं, २०१८ ला सुप्रीम कोर्टानेपण हेच म्हटलंय. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो आपला असतो, कंपनीकडून पत्र घ्या आणि पुढच्या गाडीला लावा. मी लावला, सात सीटरला. हसू नका.

आता दीड मार्क कुठे गेला. फोन उचलत नाही हा माणूस. एकदा आठ दिवस पत्ता नाही, मी तेव्हा अजून घरीच होतो म्हणून आंबा घाट उतरून, म्हणजे चढून, जाऊन बघून आलो, तर साहेब गावच्या जत्रेला. आणि दुसरं म्हणजे किलोमीटर. गाडी शेडमध्ये सोडली त्या दिवशी बाबा बरोबर होते, त्यांनी सवयीने मीटर वहीत लिहिला. डिलिव्हरीच्या दिवशी बघितलं तर ६१ किलोमीटर जास्त. गिऱ्हाईकांच्या ट्रायल धरून वीस-पंचवीस समजू शकतो. बाकीचे? पहिल्यांदा म्हणाला पेट्रोल भरायला नेली होती. बाबा म्हणाले पंप समोर आहे. मग म्हणाला पोरगा घेऊन गेला होता, पन्हाळ्यापर्यंत, एकदाच. बाबांनी काही न बोलता वही पुढे सरकवली आणि पेन दिलं, की लिहा, कोणी, कधी, किती. त्याने लिहिलं! खाली सहीपण केली, आणि कमिशनमधून पेट्रोलचे पैसे कापून दिले. म्हणजे माणूस वाईट नाही. पण शेडमध्ये गाडी सोडताना मीटरचा फोटो काढा, वही नसेल तर.

डॉक्टरांना वह्या हव्या होत्या. बाबा म्हणाले झेरॉक्स मिळेल, ओरिजिनल रेकॉर्ड डेपोतच राहतं. चारही वह्यांची झेरॉक्स, स्पायरल करून, खर्च बाबांनी दिला.

आम्ही दोघं कोल्हापूरहून एसटीने परत निघालो. साखरप्याच्या आसपास फोनवर मेसेज आला, फास्टॅगमधून पैसे गेले, बेळगावच्या वाटेवरचा कोगनोळी टोल. टॅग बंद करायचा राहून गेला होता, ही माझी चूक, तुम्ही आधी करा. मी डॉक्टरांना फोन लावत होतो तोपर्यंत बाबांनी पिशवीतून वही काढली, चष्मा लावला, "किती वाजता म्हणतोस?" विचारलं आणि वेळ टाकून कोगनोळी लिहिलं.